एकशे ब्याण्णव मते

गणपतराव देशमुखांचा विषय निघाला की बोलणारा मनुष्य पहिल्या वाक्यातच अकरा हा आकडा सांगून मोकळा होतो. सांगोला या एकाच मतदारसंघातून, शेतकरी कामगार पक्ष या एकाच पक्षाच्या वतीने, एका मनुष्याने अकरा वेळा विधानसभेवर निवडून जावे ही गोष्ट महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाच्या नावावर नाही, हे निर्विवाद आहे. आणि म्हणूनच की काय, सांगोल्यात आणि सांगोल्याबाहेर हा देशातला विक्रम असल्याचेही सर्रास सांगितले जाते. वास्तविक तसे नाही. तमिळनाडूत करुणानिधी मतदारसंघ बदलीत का होईना तेरा वेळा निवडून आले, केरळात के. एम. मणी यांनी पाला हा एकच मतदारसंघ तेरा वेळा जिंकला, आणि पुथुपल्लीच्या ओमन चंडींनी बारापर्यंत मजल मारली. गणपतरावांच्या मोठेपणाला यामुळे तसूभरही बाध येत नाही. किंबहुना आकड्याच्या मखरात बसवून त्यांची पूजा बांधणाऱ्यांनीच त्यांच्याकडे नीट पाहण्याचे टाळले आहे, असे माझे मत होत चालले आहे. मला स्वतःला त्या साऱ्या कारकीर्दीतला सर्वांत बोलका आकडा अकरा हा वाटत नाही. तो १९२ हा वाटतो.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत, त्यापूर्वी सात वेळा निवडून आलेले, एकदा विरोधी पक्षनेते आणि एकदा मंत्री झालेले गणपतराव काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांच्याकडून १९२ मतांनी पराभूत झाले. त्या काळी मतदान कागदावर होत असे. फुलीच्या शिक्क्याची शाई वाळण्यापूर्वीच पत्रिका दुमडली गेली म्हणजे ठसा पलीकडच्या नावावर उमटे, आणि मग ते मत कोणाचे यावर मतमोजणीच्या मेजाभोवती दोन्हीकडच्या प्रतिनिधींत हुज्जत चाले. दोऱ्याने बांधलेल्या गठ्ठ्यांच्या राशी दोन्ही अंगांनी समसमान वाढत राहत आणि बाहेर गुलाल घेऊन उभ्या असलेल्या माणसांना आपण जिंकलो की हरलो याचा थांगपत्ता लागत नसे. सांगोला तालुक्यात गावे शंभराच्या घरात आहेत. म्हणजे १९२ मतांचा अर्थ असा की गावामागे पुरती दोन मतेही नव्हेत. त्यांतही जो एका बाजूचा मतदार दुसऱ्या बाजूला जातो तो एकीकडे उणे आणि दुसरीकडे अधिक अशी दोन मते हलवितो. तेव्हा साऱ्या तालुक्यात मिळून अवघ्या ९७ माणसांचे मन त्या दिवशी निराळे असते तर निकाल उलटा लागला असता. तेहतीस वर्षांचा संसार ९७ माणसांवर मोडला. ज्याला आपण बालेकिल्ला म्हणतो तो असा असतो.

हा तालुका पाहिल्याखेरीज त्याचा आमदार कळत नाही, म्हणून मी पंढरपूरहून एस. टी.ने सांगोल्यास गेलो. वारकऱ्यांची पंढरी मागे पडली की चंद्रभागेकाठची हिरवळ थोड्याच वेळात विरते, ऊस तुरळक होतो, आणि मग माळ सुरू होतो: बोरी, बाभळी, मधूनच मेंढरांचा कळप आणि त्याच्यामागे घोंगडी खांद्यावर टाकून चाललेला धनगर. सह्याद्रीने अडविलेल्या पावसाची जी खुरचण पूर्वेकडे येते तिच्यावर या मुलखाने दिवस काढायचे. वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आगेमागे, तोही वेळेवर येईल तर. माण नदी तालुक्यातून वाहते असे भूगोलात लिहिलेले असते, परंतु वर्षातील बहुतेक महिने तिच्या पात्रात वाळूच असते. हाच तो माणदेश. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ याच मुलखाची, आणि खिलार जनावरे पाहावीत तर सांगोल्याच्या बाजारातच, असे अजून जाणकार सांगतात.

गणपतराव जन्माने सांगोल्याचे नव्हेत. मोहोळ तालुक्यातील पेनूर हे त्यांचे जन्मगाव. कायद्याचे शिक्षण घेऊन ते सांगोल्यात वकिली करू लागले, आणि तालुक्याच्या कचेरीत दाद मागण्यास येणारा कुळवाडी हाच त्यांचा पहिला पक्षकार झाला. त्यांच्या आडनावावरून बाहेरच्या माणसाची एक समजूत नेहमी चुकते. देशमुख म्हणताच वतनदार मराठा घराणे डोळ्यांपुढे उभे राहते. गणपतराव धनगर समाजातले. सांगोल्यात हे सर्वांस ठाऊक असते, आणि निवडणुकीच्या हिशेबात ते कोणी विसरत नाही हेही तितकेच खरे. शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे शेकापचे, नेतृत्व अन्यत्र बहुतांशी मराठा शेतकऱ्यांच्या हाती असता सांगोल्यात ते एका धनगर वकिलाकडे आले, आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्याच्याकडेच राहिले. जातीच्या गणितावरच सारे चालते असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण तपासावे. जातीचे गणित मुळीच चालत नाही असे म्हणणाऱ्यांनीही तपासावे.

शेतकरी कामगार पक्ष हा काँग्रेसच्याच कुशीत जन्मलेला. १९४६ साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी बहुजनसमाजातील मंडळींनी काँग्रेसमध्येच एक संघ स्थापला आणि पुढल्या वर्षी त्याचा स्वतंत्र पक्ष झाला. १९५० साली नाशिक जिल्ह्यातील दाभाडी येथे या पक्षाने जो प्रबंध संमत केला त्याने मार्क्सवादाचा अंगीकार केला, आणि शेतसारा, कूळकायदा, शेतमालाचे भाव यांविषयी रानात उभे राहून बोलणाऱ्या पुढाऱ्यांना वर्गविग्रहाची परिभाषा शिकावी लागली. ती सर्वांच्या पचनी पडली असे नाही. जेधे आणि मोरे हे दोघेही काही वर्षांत काँग्रेसमध्ये परत गेले. जे राहिले ते एकमेकांस ‘भाई’ म्हणत राहिले. कृष्णराव धुळप, उद्धवराव पाटील, दत्ता पाटील, दि. बा. पाटील, एन. डी. पाटील ही त्या परंपरेतील नावे उच्चारली की विधिमंडळाच्या एका विशिष्ट काळाची आठवण येते, ज्या काळात विरोधी बाकावरचा सभासद उठला म्हणजे सचिवांच्या सज्जात कागद चाळण्याचा आवाज होत असे.

१९६२ साली, पस्तिशीत, गणपतराव प्रथम निवडून आले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. त्या विधानसभेत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या होत्या आणि शेकापच्या १५, तरीही विरोधी पक्षांत तोच सर्वांत मोठा. १९६७ मध्ये पक्षाचे १९ सभासद झाले, गणपतराव पुन्हा आले. मग १९७२ उजाडले. इंदिरा गांधींच्या लाटेत काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या, शेकाप सातावर आला, आणि सांगोल्यात काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील विजयी झाले.

या पहिल्या पराभवाचे दुर्दैव असे की तो नेमका त्याच वर्षी आला ज्या वर्षी सांगोल्याला सभागृहात बोलणारा मनुष्य सर्वाधिक हवा होता. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे ते अद्याप कालगणनाच त्यावरून करतात. अमुक लग्न दुष्काळाच्या साली, अमुक मुलगा सुकडीवर वाढलेला. खडी फोडण्याच्या कामावर बायामाणसे हजारोंनी होती. मुकादमाच्या हजेरीपटावर नाव चढले की त्या आठवड्याची चूल पेटणार हे निश्चित होई. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात विसापूरच्या बाजूला काही वर्षांपूर्वी करून पाहिलेला रोजगार हमीचा प्रयोग याच दुष्काळात राज्यव्यापी झाला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या दुष्काळानंतर सत्तावीस वर्षांनी याच रोजगार हमीचे खाते मंत्री म्हणून गणपतरावांकडे यावे हा योगायोग असेल. परंतु त्या खात्याच्या फायलीतील ‘मागेल त्याला काम’ या शब्दांचा अर्थ ज्याला खडीच्या ढिगावरून ठाऊक होता असा तो मंत्री होता. साळुंखे-पाटील यांचे मुदतीपूर्वीच निधन झाल्यामुळे १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि गणपतराव परत आले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ आणि १९९० असे एकामागून एक चार वेळा ते निवडून आले.

विरोधी पक्षाचा आमदार करतो काय, हा प्रश्न आजच्या मतदारास पडणे स्वाभाविक आहे, कारण आता आमदाराचे मोजमाप किती कोटींचा निधी आणला या एका मापाने होऊ लागले आहे आणि ते माप विरोधकास कायमचे प्रतिकूल आहे. गणपतराव ज्या शाळेत तयार झाले तिथला अभ्यासक्रम निराळा होता. तारांकित प्रश्न विचारायचा. मंत्र्याने ‘होय, हे खरे आहे’ एवढे जरी म्हटले तरी ते कार्यवृत्तात नोंदले जाते आणि मामलेदाराच्या मेजावर ठेवता येते. उत्तर टाळाटाळीचे आले तर उपप्रश्न. तेही पुरले नाही तर लक्षवेधी सूचना. अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना. आश्वासन मिळाले की ते आश्वासन समितीपुढे जागते ठेवायचे. पिकांची आणेवारी, जिला आता पैसेवारी म्हणतात, पन्नास पैशांच्या खाली दाखविली की वर, यावर एका गावाला सवलती मिळणार की नाही हे ठरते. ती ठरविणारा असतो तलाठी आणि त्याच्या वरचा अधिकारी, आणि त्या दोघांना आपला आकडा कोणीतरी विधानसभेत वाचून दाखवील एवढे भय असणे हे शेतकऱ्याचे अर्धे संरक्षण असते. हे काम डोळ्यांत भरणारे नव्हे. त्याच्या कोनशिला बसत नाहीत.

१९७७ मध्ये काही महिने ते विरोधी पक्षनेते होते. १९७८ च्या जुलैत शरद पवारांनी पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार स्थापन केले तेव्हा शेकापच्या एन. डी. पाटलांबरोबर गणपतरावही मंत्रिमंडळात गेले. १९८० च्या फेब्रुवारीत ते सरकार बरखास्त झाले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत सांगोल्याने त्यांना पुन्हा पाठविले. सत्तेतील या दीडेक वर्षाविषयी मला फारसे लिहावेसे वाटत नाही. त्यांचे जे काही होते ते सत्तेबाहेरचेच होते.

एस. टी.विषयी मात्र लिहिले पाहिजे, कारण त्याची आख्यायिका झाली आहे आणि आख्यायिका झाली की मूळ गोष्ट निस्तेज होते. राज्य परिवहनाच्या गाडीत पुढच्या भागातील एका आसनाच्या वर, खिडकीलगतच्या पत्र्यावर, आमदार-खासदारांसाठी राखीव अशा आशयाची अक्षरे रंगविलेली असतात. मी ज्या गाडीने गेलो तिच्यातही ती होती. अर्धी पुसलेली, खाली एक बाई डोक्यावरचे गाठोडे मांडीवर घेऊन बसलेली, आणि वाहकापासून कोणालाही त्यात वावगे वाटत नव्हते, कारण त्या अक्षरांवर हक्क सांगणारा मनुष्य येण्याचा संभवच आता उरलेला नाही. गणपतराव त्या आसनावर बसत. मंत्रिपद भोगलेला मनुष्य हातात पिशवी घेऊन फलाटावर उभा राहतो आणि गाडी आल्यावर रांगेतून आत चढतो, हे दृश्य सांगोल्याच्या दोन पिढ्यांनी इतके पाहिले की त्यात त्यांना नवल वाटेनासे झाले होते. नवल पुण्यामुंबईच्या वार्ताहरांना वाटले आणि त्यांनी त्याची छायाचित्रे छापली. लोक याला साधेपणा म्हणतात. मला त्यात साधेपणापेक्षा व्यवहार अधिक दिसतो. तीनचार तासांच्या प्रवासात शेजारी, पुढे, मागे तालुक्यातलीच माणसे. कोणाच्या सातबाऱ्यावरची नोंद अडली, कोणाच्या विहिरीला वीज मिळेना, कोणाच्या पोरीची शिष्यवृत्ती थकली. काळ्या काचांच्या मोटारीतून जाणाऱ्या प्रतिनिधीला हेच कळावे म्हणून कार्यालय थाटावे लागते आणि त्यात चार स्वीय सहायक ठेवावे लागतात. तरीही ते कळत नाही.

आता त्या पक्षाचे काय झाले तेही पाहू. १९७८ मध्ये शेकापचे १३ आमदार होते, १९८५ मध्येही १३. १९९० मध्ये ८, १९९५ मध्ये ६, १९९९ मध्ये ५, २००४ मध्ये २. पुढे २००९ मध्ये ४ आणि २०१४ मध्ये ३ झाले, पण त्यांतले गणपतराव सोडले तर उरलेले सारे रायगडचे. मराठवाड्यातून पक्ष ओसरला, कोल्हापूर-सांगलीतून ओसरला, सोलापूर जिल्ह्याच्या इतर तालुक्यांतून तर नावापुरताही उरला नाही. सहकारी साखर कारखान्यांच्या धुराड्यांभोवती काँग्रेसने जी सत्ता बांधली तिच्यापुढे लाल बावट्याचा शेतकरी टिकला नाही. ऊस घालायचा तर कारखान्याचे सभासदत्व पाहिजे, आणि सभासदत्व पाहिजे तर अध्यक्षाची मर्जी. सांगोला वाचला याचे एक कारण मला असे दिसते की येथे ऊसच नव्हता. पाणी नव्हते म्हणून ऊस नव्हता, ऊस नव्हता म्हणून साखरसम्राट नव्हता, आणि म्हणून शेकाप राहिला. दुष्काळाने या तालुक्याची जी दैना केली तिचे वर्णन वर आलेच आहे. त्या दुष्काळाने एक विरोधी पक्षही जगविला हे कोणी लिहीत नाही.

दुसरे कारण सूतगिरणी. कापूस पिकत नाही अशा तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभारायची ही कल्पना ऐकणाऱ्याला विक्षिप्त वाटावी अशी. पण सोलापूर आणि इचलकरंजी ही मागांची गावे आवाक्यातल्या अंतरावर, कामाला हात मुबलक, आणि चालविणाऱ्याची दानत स्वच्छ, एवढ्या तीन गोष्टींवर सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी चालली. राज्यातील कितीतरी सूतगिरण्या शासनाचे भागभांडवल गिळून बंद पडल्या, त्यांच्या जागा विकल्या गेल्या. सांगोल्याची फिरत राहिली. सहकारात नफा कमावण्यापेक्षा पैसा न खाणे हे अधिक अवघड कसब आहे, हे ज्यांनी एखाद्या संस्थेचा अहवाल बारकाईने वाचला आहे त्यांना सांगावयास नको.

परंतु खरा लढा पाण्याचा. कृष्णेच्या पाण्यातील महाराष्ट्राचा ५६० अब्ज घनफुटांचा वाटा बच्छावत लवादाने ठरवून दिला आणि तो इसवी सन २००० पूर्वी वापरात आणणे राज्याला आवश्यक झाले. नदीकाठचे तालुके पाण्याने फुगले होते. पूर्वेकडचे तालुके टँकरची वाट पाहत होते. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९० नंतरच्या वर्षांत दुष्काळी तेरा तालुक्यांची जी चळवळ उभी राहिली, जिच्या पाणी परिषदा आटपाडीस भरत, तिची मागणी केवळ पाणी द्या अशी नव्हती. पाणी समन्यायाने वाटा, जमीन असो वा नसो प्रत्येक कुटुंबाचा त्यावर हक्क माना, अशी होती. कराडजवळ टेंभू येथे कृष्णा अडवून तिचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसत खानापूर, आटपाडी, सांगोल्याकडे आणावयाचे, म्हणजे नदीला डोंगर चढावयास लावायचे. म्हैसाळच्या योजनेचे पाणी दुसऱ्या अंगाने, नीरेच्या उजव्या कालव्याचे तिसऱ्या. कालवा खोदून तयार आणि त्यात पाणी नाही, पाणी आले तर वीजबिल थकल्याने पंप बंद, पंप चालू झाले तर शेवटच्या गावापर्यंत धार पोहोचत नाही: या तिन्ही अवस्था मी ज्या ज्या वृद्ध शेतकऱ्यांशी बोललो त्यांना तोंडपाठ होत्या. ते गणपतरावांना ‘आबा’ म्हणतात. आबांनी पाणी आणले, असे कोणी म्हणाले. आबांना पाणी आणायला पन्नास वर्षे लागली, असेही कोणी म्हणाले. दोघेही त्यांचेच मतदार.

पाण्याच्या या प्रतीक्षेत तालुक्याने डाळिंब शोधून काढले. थोड्या पाण्यावर, मुरमाड रानात येणारे हे फळझाड सांगोल्याला असे मानवले की गणेश आणि पुढे भगवा या वाणांच्या बागांनी माळ झाकून गेले. एका बागेत मालकाने मला तेल्या रोगाने लागलेले फळ तोडून दाखविले. सालीवर तेलाचा थेंब पडावा तसे काळपट, ओलसर दिसणारे ठिपके, आणि त्या ठिपक्यांवरूनच सालीला गेलेली आडवीउभी चीर. आतले दाणे अद्याप लालभडक, परंतु बाजारात त्याची किंमत शून्य. या रोगाने तालुक्यातील कितीतरी बागा मुळासकट उपटावयास लावल्या. त्याच मालकाने बहार कसा धरतात तेही समजावून सांगितले: झाडाचे पाणी मुद्दाम तोडायचे, पाने पिवळी पडून गळू द्यायची, झाड मरते की काय अशा अवस्थेला न्यायचे आणि मग एकदम पाणी सोडायचे, म्हणजे ते फुलाने लगडते. याला बागेला ताण देणे म्हणतात. त्याचे बोलणे ऐकताना माझ्या मनात १९७२ आणि १९९५ ही साले आली, ती काही सांगोल्याच्या मतदाराचा धूर्तपणा सिद्ध करण्यासाठी नव्हेत. तो माझा चाळा. पण ताणाच्या काळात झाड जगते की नाही हे मुळांवर अवलंबून असते, आणि १९९५ ते १९९९ ही चार वर्षे आमदार नसलेला मनुष्य सत्तरी ओलांडूनही त्याच गावांतून, त्याच गाडीने, त्याच माणसांचे अर्ज घेऊन फिरत होता.

१९९९ मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि विलासराव देशमुखांच्या आघाडी मंत्रिमंडळात पणन व रोजगार हमीचे मंत्री झाले. २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या राजकारणावरून शेकाप आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांचे फाटले, पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला, आणि गणपतरावांनी मंत्रिपद सोडले. सांगोल्याचा त्या भांडणाशी काडीचाही संबंध नव्हता. पक्षाचा आदेश म्हणून खुर्ची सोडणे ही गोष्ट आज इतकी दुर्मीळ झाली आहे की तिच्या शहाणपणाविषयी प्रश्न विचारणेही कृतघ्नपणाचे वाटेल, तरी विचारतो. दुष्काळी तालुक्याच्या आमदाराकडे रोजगार हमीचे खाते असताना ते अलिबागच्या हिशेबासाठी सोडावे काय? त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर सोडले नसते, आणि दुसरा कोणी असता तर अकरा वेळा निवडूनही आला नसता.

२००४, २००९ आणि २०१४. मतपत्रिका जाऊन यंत्रे आली, फुलीचा शिक्का संपला, शहाजीबापू काँग्रेसमधून शिवसेनेत गेले. आबा आणि बापू ही सांगोल्याची जोडी गावोगावच्या पारावर अशा रीतीने उच्चारली जाई की नवख्याला ती भावकी वाटावी. २०१४ मध्ये सगळीकडे भाजप-सेनेचा वारा असताना ८८ वर्षांचे गणपतराव सुमारे पंचवीस हजारांच्या फरकाने जिंकले. तोच त्यांचा अकरावा विजय, आणि तोच अखेरचा.

२०१९ मध्ये वयोमानामुळे ते उभे राहिले नाहीत. पक्षाने त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली आणि शहाजीबापूंनी त्यांचा ७६८ मतांनी पराभव केला; १९९५ नंतर चोवीस वर्षांनी बापू पुन्हा आमदार झाले. पुढे २०२२ च्या सत्तांतरात, शिवसेनेच्या फुटलेल्या आमदारांबरोबर राहताना, गुवाहाटीतील झाडी, डोंगर आणि हाटेलाचे त्यांनी माणदेशी बोलीत केलेले वर्णन घरोघर पोहोचले, आणि एस. टी.तल्या आसनामुळे ओळखला जाणारा तालुका पंचतारांकित मुक्कामाच्या वर्णनासाठी ओळखला जाऊ लागला. बापूंना दोष देण्याचे कारण नाही. ते उत्तम बोलतात, आणि पराभवामागून पराभव पचवून उभे राहण्याची त्यांची चिकाटीही आबांहून कमी प्रतीची नव्हे.

याच दुष्काळी तालुक्याचा शेतमाल घेऊन २०२० च्या डिसेंबरात देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली, तिला पंतप्रधानांनी दूरस्थपणे हिरवा झेंडा दाखविला. त्यानंतर सात महिन्यांनी, ३० जुलै २०२१ रोजी, गणपतराव सोलापुरात वारले. ते ९४ वर्षांचे होते. अंत्यसंस्कार सांगोल्यास, सूतगिरणीच्या आवारात, शासकीय इतमामात झाले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पुतळ्याच्या अनावरणाला शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एका व्यासपीठावर बसले होते. जिवंतपणी ज्या मनुष्याने या दोघांच्याही पक्षात जाण्याचे कारण पाहिले नाही त्याच्या पुतळ्याखाली दोघांचीही सोय झाली.

एक गोष्ट मला खटकते आणि ती लिहिली नाही तर हा लेख आरतीच्या ताटात जाऊन पडेल. दाभाडीचा प्रबंध स्वीकारलेल्या पक्षाला, ज्याने घराण्यांच्या सत्तेविरुद्ध आयुष्यभर भाषणे केली त्या पक्षाला, सांगोल्यात आबांच्या मागे आबांच्या घरातलाच उमेदवार शोधावा लागला. साठ वर्षांत तालुक्यातून कार्यकर्त्यांच्या तीन पिढ्या तयार झाल्या. सभा बांधणारे, मोर्चे काढणारे, सूतगिरणीचे हिशेब लिहिणारे. त्यांच्यातला एकही नेता म्हणून वर आला नाही, हा गणपतरावांच्या अपयशाचा भाग आहे आणि तो त्यांच्या अकरा विजयांइतकाच त्यांच्या नावावर लिहिला पाहिजे. मोठ्या झाडाखाली काही उगवत नाही, ही सबब येथे चालणार नाही. ते स्वतःला झाड मानीत नव्हते.

२०२४ च्या नोव्हेंबरात सांगोल्यात तिरंगी लढत झाली. शिंदे यांच्या शिवसेनेकडून शहाजीबापू होते, ठाकरे यांच्या शिवसेनेकडून दीपक साळुंखे होते, आणि शेकापकडून गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख. बाबासाहेब सुमारे पंचवीस हजार मतांनी निवडून आले. रायगडमध्ये पक्षाची एकही जागा आली नाही. २८८ जणांच्या विधानसभेत आज शेतकरी कामगार पक्षाचा एकच सभासद आहे, आणि तो सांगोल्याचा आहे.